सहा हायड्रंट, पाच रांगोळ्या

७ जुलै, सोमवार

आज धुळ्यात डायरी घेतली. दुकानदार म्हणाला, "जुलैत कोण डायरी घेतं?" म्हटलं, उशिरा सुरू होणारी माणसं. त्याला काही कळलं नाही. पण बांधून दिली त्याने.

नाशिकची नोकरी सोडून चार महिने झाले. आज स्वतःच्या नावावर पहिलं काम मिळालं. सोनगीरजवळ हायवेला लागून प्रेमराजशेठची जिनिंग आहे. कापसातली सरकी वेगळी करायची, रुईच्या गाठी बांधायच्या. तिथे आग विझवायची नळयोजना बसवायची आहे. सहा हायड्रंट म्हणजे आगीचा पाइप जोडायचे उभे नळ, जमिनीखालून नळ, टाकी, पंप, आणि बंबासाठी इनलेट. इनलेट म्हणजे बंब दाराशी आला की त्याने आपलं पाणी ज्या तोंडातून आतल्या नळांत ढकलायचं ते तोंड. मंजुरी मिळाल्याशिवाय हंगाम सुरू करता येणार नाही, आणि नकाशावर सही माझी. सुलक्षणा पाटील. सही करायची प्रॅक्टिस पण करून झाली.

जागा मात्र कोंडलेली. समोरचा भाग हायवे रुंद करताना गेला. एका बाजूला ढाब्याची भिंत, दुसऱ्या बाजूला नाला. पण आतलं आवार आत्ता एकदम रिकामं. दुपारी तिथल्या बाजेवर पाच मिनिटं पडले ती अर्धा तास झोपले. जमिनीखाली पाणी चाललंय आणि मी त्याच्यासोबत पोहत चाललेय असं स्वप्न पडलं. पाणी कोमट होतं. जाग आली तर शेठचा कुत्रा पायाशी.

१० जुलै

दिवसभर टेप धरला. मुकादम हिलालभाऊ टेपचं दुसरं टोक धरून फिरले. ते हमालांचे प्रमुख. माल कुठे उतरायचा, कुठे रचायचा, सगळं तेच बघतात. हातात कायम तंबाखू आणि डोळ्यांत कायम हसू.

एक गंमत बघितली. कोपऱ्यात जुनं फाटक आहे. तिथून मागच्या विहिरीपर्यंत सरळ पट्टी जाते, बारा-चौदा फूट रुंद. त्या पट्टीवर सकाळी सडा घातलेला आणि एक सोडून पाच रांगोळ्या! पहिली तर फाटकाबाहेर, सर्व्हिस रोडच्या कडेला. शेवटची विहिरीशी. लोक दारात रांगोळी काढतात, इथे आवाराच्या मधोमध. सहज टेप लावला. दोन रांगोळ्यांमध्ये बरोब्बर पंधरा मीटर. बंबाचा पाइप असतो तेवढंच. म्हातारी पावलांनी मोजत असणार. योगायोग बाकी मजेदार.

रांगोळीवाली म्हणजे पुष्पाअक्का. विहिरीशेजारच्या खोलीत सून रूपाबरोबर राहते. दोघी इथेच कामाला. अक्का साठीच्या पुढची, बारकी, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. तिला विचारलं, "अक्का, एवढ्या रांगोळ्या कोणासाठी?"

"येनारासाठी."

"कोण येणार?"

"येई ना कोनी." आणि गेली बादली घेऊन.

लक्ष्मी येईल असं म्हणत असावी. मला हसू आलं. आई मला रोज पहाटे अंगणात बसवायची, चार ठिपके वाकडे गेले की पुसून पुन्हा. मी ड्रॉइंग शिकले ते निम्मं त्या रांगोळीतून सुटायला.

१८ जुलै, शुक्रवार

नकाशा झाला. फार देखणा झालाय, मीच म्हणते. दर तीस मीटरला एक हायड्रंट, सगळ्या आवाराला कवेत घेणारी नळाची माळ. इनलेट नव्या मोठ्या फाटकाशी, वजनकाट्याशेजारी. बंबाला उभं राहायला ऐसपैस जागा. त्या पट्टीला हात लावला नाही, कारण शेठनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ती पट्टी अक्काची. तिकडे काही नको." एवढा मोठा मालक आणि एका म्हातारीच्या सोवळ्याला घाबरतो.

मी चुन्याने जागा आखत होते तर अक्का येऊन उभी राहिली. एकेक खूण बघत फिरली आणि शेवटी म्हणाली, "माय, आठे तं कपास ऱ्हास."

म्हटलं, "अक्का, माल शेडमध्ये ठेवणार आहेत. शेठनी तसं लिहून दिलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लिखी दिधं का? मंग चांगलं शे." आणि हसली. त्या हसण्याचा मला राग आला. बायांना वाटतं, पोरीला काय कळतंय.

३ ऑगस्ट, रविवार

चाळीसगावला. घरी कानबाई बसली, आमची श्रावणातली देवी. आईने पुरणाचे रोट केले, शेजारपाजार जमला. तिने रांगोळीचा डबा माझ्या हातात दिला. दहा वर्षांनी काढली असेन. रेषा थरथरली, एक पाकळी जाडी, एक बारीक.

"हात कसा गं विसरला?" आई म्हणाली. रागाने नाही. तेच जास्त लागलं.

म्हटलं, माझ्या हातांनी आता हजार फूट नळाचा नकाशा काढलाय. ती म्हणाली, "काढ बाई. पण उंबऱ्यासमोर पण काहीतरी असावं ना." मी डबा परत तिच्या हातात दिला. उगाच.

२१ ऑगस्ट

खोदाई चालू. काळी जमीन, कुदळ रुतून बसते. एका ठिकाणी नळ पट्टी ओलांडून न्यावा लागतो, तर मजूर अडले. रांगोळी नुकतीच काढलेली. कोणी पाय टाकेना. चौघं तगडे गडी एका फुलाभोवती कुदळी टेकून उभे! मी चिडले. म्हटलं, अहो पांढरी भुकटी आहे ती.

एकजण म्हणाला, "म्याडम, दुपार होऊ द्या. वाऱ्यानं जाईल तव्हा खंदतो."

आणि खरंच दुपारपर्यंत बसून राहिले. हिलालभाऊंना म्हटलं, तुम्ही तरी सांगा यांना. ते म्हणाले, "मालकबी तिले काई बोलत नही, मी काय बोलू?" तंबाखू मळत दुसरीकडे बघायला लागले. या माणसाचे डोळे हसत नसताना मी पहिल्यांदा पाहिले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पाणी आलं!

पंप सुरू केला, नळ आधी खोकल्यासारखा वाजला आणि मग तोंडातून पाण्याचा असा झोत निघाला की शेडच्या वरून पलीकडे नाल्यात पडला. उन्हात त्यावर इंद्रधनुष्य. रूपा आणि सगळ्या बाया भिजून हसत होत्या. मी पण भिजले. माझ्या आखलेल्या रेषेतून पाणी आलं, हे कोणाला सांगू आणि कसं सांगू. डोळे भरून आले, बरं झालं सगळेच ओले होते.

अक्का लांब उभी. हसत नव्हती. झोत जिथे पडत होता तिथे नाही, विहिरीकडे बघत होती. विहिरीची मोटार कुरकुरते आहे का काय, असं वाटलं. नंतर तपासली, ठीक होती.

अग्निशमनचे साहेब येऊन सगळं बघून गेले. पांढऱ्या मिशा, कमी बोलणं. मंजुरी दिली. निघताना विचारलं, "हंगामात इथे काय असतं?"

"मोकळं मैदान," मी म्हटलं.

"हं. हंगामात एकदा येतो."

२ ऑक्टोबर

दसरा. मुहूर्ताचा कापूस आला. एका ट्रॉलीची पूजा, नारळ, पेढे. शेठनी माझी ओळख "आमच्या इंजिनिअर" अशी करून दिली. वर भुरभुर कापूस उडत होता. डोळे मिटले तर वाटलं आपण हळूहळू वर जातोय, कोणी धरलेलं नाही आणि पडणारही नाही. असं सुख बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

अक्काने पेढा दिला. हाताला रांगोळीचा खरखरीतपणा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बसमध्ये लिहितेय, अक्षर वाईट येईल.

महिनाभर दुसऱ्या कामात होते. आज माझ्या कामाचा फोटो काढायला सोनगीरला गेले. फाटकातून आत जाऊन थांबले. मैदान नाहीच. सगळीकडे कापूस. एकमजली घराएवढ्या गंज्या, एकीला लागून दुसरी. शेड कधीच भरली, उरलेलं सगळं आवारात. क्षणभर इतकं सुंदर दिसलं की मी चूक विसरले. पांढरं, मऊ, आवाज गिळून टाकणारं. गंज्यांमधल्या बोळांतून चालत राहिले, कुठे आहे तेच कळेना. माझा नकाशा हातात धरून माझ्याच आवारात हरवले.

मग हायड्रंट शोधायला लागले. एक सापडला, शेडच्या भिंतीशी. बाकी पाच गंज्यांखाली. इनलेटसमोर वजनकाट्याची रांग, अठरा ट्रॅक्टर मोजले. बंब तिथे उभा राहायचा तर आधी अठरा माणसं शोधून आणावी लागतील, चहा पीत बसलेली.

आणि एकच जागा मोकळी. ती पट्टी. दोन्ही बाजूंच्या गंज्या तिच्या काठाशी येऊन थांबल्या होत्या, एक बोंडही पुढे नाही. जुन्या फाटकासमोर एक ट्रॅक्टर नाही. रांगोळीला वळसा घालून हमाल डोक्यावर बोजे घेऊन जात होते.

हिलालभाऊंना विचारलं. आज ते बोलले.

"अकरा साल झायात. आसाच कपास व्हता, बठ्ठा आवारमा. आग लागनी. अक्काना आंडोर भटू विहीरवर मोटार चालू कराले पयना. मांगे गंजी पेटनी, वाट बंद. बंब उना, फाटकशी उभा. पाच पाइप व्हतात त्याना जोडे. सरय रस्ता ऱ्हाता तं विहीरलगून पाच पुरत व्हतात. पन गंजीस्ना भवती फिरी फिरी तीन कमी पडनात."

"अक्काचा मुलगा! मग?"

"मंग काय. भटू गया." त्यांनी तंबाखू टाकून दिली. "मालकनी पाटी लाई, आठे माल ठेवू नका. पाटी कोन वाचस, म्याडम? आठच दिनमा पाटीवरच गंजी लागनी. तव्हपासून अक्का रांगोयी काढस. रांगोयीवर कोनी माल टाकत नही. पाय पन देत नही."

म्हणजे पाच पाइप, एकेका पाइपाला एक रांगोळी. पंधरा-पंधरा मीटर. मी टेप लावून मोजलं होतं आणि हसले होते.

८ नोव्हेंबर

मंजुरीचा कागद फायलीत आहे. साहेबांनी बघितलं तेव्हा मैदान मोकळंच होतं. मी गप्प बसले तर कोणी मला काही विचारणार नाही. हे मी काल बसमध्ये तीन वेळा स्वतःला सांगितलं. लिहून ठेवते, म्हणजे नंतर मोठेपणा सांगता येणार नाही.

आज शेठकडे गेले आणि सांगितलं. सगळं. नकाशा चुकला, मी आषाढातलं आवार मोजलं, कार्तिकातलं नाही.

ते आधी भडकले. "मंजुरी झाली ना? भर हंगामात खंदायचं? शेतकऱ्यांच्या ट्रॉल्या कुठे लावू, तुमच्या डोक्यावर?"

म्हटलं, "तुम्ही माल शेडमध्ये असं लिहून दिलंत. पण मी विचारायला हवं होतं. अक्काने सांगितलं होतं मला. मी ऐकलं नाही."

अक्काचं नाव आलं तसे ते खाली बसले. बराच वेळ पेनाचं टोपण उघडत आणि लावत राहिले. मग म्हणाले, "भटूला मोटार चालू करायला मीच पाठवलं होतं."

बाहेर जिनिंगची यंत्रं चालू होती, त्यांची घरघर टेबलातून हाताला लागत होती.

"पट्टीवरून न्या नळ," ते म्हणाले. "पण तिला तुम्ही विचारा. मला नाही जमणार."

९ नोव्हेंबर

अक्का कापसातला कचरा वेचत होती. शेजारी जाऊन बसले. शब्द जुळवून नेले होते, एकही उपयोगी पडला नाही.

"अक्का, चुकलं माझं. आता पट्टीवरून नळ न्यायचाय. तुमची रांगोळी मोडावी लागेल."

"रांगोयी रोजच मोडस, माय," ती हात न थांबवता म्हणाली. "म्हनीसनच तं रोज काढनी पडस."

मी रडले. ती कचरा वेचत राहिली. थोड्या वेळाने माझ्या केसांतला कापूस पण वेचला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पट्टीच्या एका कडेने चर. दुसरी कडा मोकळी ठेवली, बंब जाईल एवढी. रोज अर्धाच भाग उघडायचा, नळ टाकून बुजवायचा, मग पुढे. हिलालभाऊंची माणसं हाती कुदळ घेऊन आली, न बोलावता. रांगोळी मोडायची पहिली कुदळ कोणी मारेना, तेव्हा अक्कानेच पदराने पुसली.

हायड्रंट कुठे बसवायचे ते मी नकाशावर ठरवून आणलं होतं. तरी तिला विचारलं. ती चालत गेली, तिसऱ्या रांगोळीच्या जागी थांबली. "आठे." मग पाचव्या. "आनि आठे." नकाशात बघितलं. माझ्या खुणा दोन-दोन हात पलीकडे होत्या. खोडून तिच्या जागी केल्या. इनलेट जुन्या फाटकाबाहेर, पहिल्या रांगोळीशी.

१२ डिसेंबर

झालं. साहेब पुन्हा येऊन गेले. गंज्या बघितल्या, पट्टी बघितली, पहिल्या रांगोळीला वळसा घालून इनलेटपाशी गेले. मला म्हणाले, "मोकळं मैदान म्हणाला होतात." मी मान खाली घातली. "मी पण विचारून गप्प बसलो," ते म्हणाले आणि सही केली.

काल पुन्हा ते जमिनीखालचं पाण्याचं स्वप्न पडलं. या वेळी माझ्यापुढे कोणीतरी पोहत होतं. पाठमोरं. तरुण वाटत होतं. मी हाक मारली नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

दुपारी सव्वातीनला हिलालभाऊंचा फोन. "म्याडम, लागनी." एवढंच.

धुळ्याहून मी पोहोचले तेव्हा आग आटोक्यात होती. ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमधून ठिणगी पडली म्हणतात. कापसाची आग बाहेरून नुसता धूर, आतून लाल, फोडत फोडत विझवावी लागते. हमालांनी तिसऱ्या रांगोळीच्या हायड्रंटला पाइप लावून पहिली दहा मिनिटं धरलं. मग वीज गेली, पंप बंद. पण तोवर बंब आला. सरळ इनलेटशी थांबला, जोडला, आणि नळांत पुन्हा पाणी आलं. तीन गंज्या गेल्या. माणूस एकही नाही. रूपा शेडमध्ये होती, पट्टीवरून बाहेर आली. चाळीस माणसं पट्टीवरून बाहेर आली.

पण अक्का दवाखान्यात आहे. आग लागली तसे घाबरलेले ट्रॅक्टरवाले पळायला निघाले. मोकळी वाट एकच दिसत होती. पट्टीवर घुसून जुन्या फाटकाने बाहेर पडायला बघत होते. एक जरी अडकला असता तर वाट बंद. अक्का फाटकात हात पसरून आडवी उभी राहिली. धूर अंगावर येत होता तरी हलली नाही, बंब येईपर्यंत. मग बसली ती उठलीच नाही. छातीत धूर गेलाय. डॉक्टर म्हणतात, बरी होईल, आठवडाभर ठेवू. रूपा तिच्यापाशी आहे.

मी सोनगीरलाच राहिले. शेठच्या घरून जेवण आलं, खाल्लं गेलं नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सकाळी लवकर आवारात गेले. वास अजून होता. ओला, जळका, थोडा गोडसर. पट्टी पाण्याने धुऊन निघालेली, काळी, कोरी. रात्रभर वाचवलेला माल हमालांनी इकडेतिकडे हलवला होता आणि दोन गठ्ठे पट्टीच्या आत आले होते. कोणाचा दोष नाही. तिथे काही नव्हतं ना काढलेलं. बाहेरून जुन्या फाटकाकडे एक ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन मागे मागे येत होता, इनलेटपर्यंत.

मी ओरडले. ड्रायव्हरला ऐकू गेलं नाही.

अक्काच्या खोलीच्या वट्ट्यावर डबा होता. घेतला, धावत गेले, फाटकाबाहेर बसले आणि काढायला लागले. सडा घालायला पण वेळ नव्हता. पाकळी जाडी आली, दुसरी बारीक, ठिपका सुटला. ट्रॉलीचं चाक तीन हातांवर येऊन थांबलं. ड्रायव्हर उतरला. माझ्याकडे बघितलं, रांगोळीकडे बघितलं. चढला, ट्रॉली पुढे घेऊन गेला. हिलालभाऊंनी गठ्ठे उचलायला लावले.

मग टेप न लावता पावलांनी मोजलं. दुसरी काढली, तिसरी, चौथी. पाचवी विहिरीशी. तिथे जरा वेळ बसले.

दहाच्या सुमारास रूपाचा फोन आला. अक्काला बोलायचंय म्हणाली. आवाज घोगरा होता.

"रांगोयी कोनी काढी?"

"मी."

"वाकडी व्हयी."

"हो अक्का."

"व्हवू दे. कितल्या काढ्यात?"

"पाच."

पलीकडे खोकल्याची उबळ आली. मला वाटलं फोन रूपाकडे गेला. मग म्हणाली, "सकायले बी काढजो, माय."